हमाम ते तरणतलाव : बुऱ्हाणपुरातील सामायिक पाण्याचा हिशेब

अलीकडे आपल्या शहराच्या कडेने ज्या नव्या वसाहती उभ्या राहत आहेत, त्यांच्या माहितीपत्रकांतून बाग, सभागृह व मंदिर यांच्या जोडीला 'तरणतलाव' हा शब्द हटकून दिसू लागला आहे. वसाहत तीनशे घरांची असो वा सहाशे, तलावाचे चित्र बहुधा एकच असते. निळ्या पाण्याचा एक आयत आणि त्याच्या काठी दोन खुर्च्या! किती घरांना किती मोठा तलाव पुरेल, त्याचे पाणी कोठून येईल, वसाहत दुप्पट झाल्यावर काय करावयाचे, हे प्रश्न त्या चित्रात उमटत नाहीत. विकणाऱ्याला ते विचारावेसे वाटत नाहीत आणि घेणाऱ्याला सुचत नाहीत.

हे प्रश्न नव्या काळाचे आहेत असा एक समज आहे. तो बुऱ्हाणपुरात तरी टिकू नये. वाढत्या वस्तीला सामायिक पाणी किती लागेल, ते कसे आणावे व कसे वाटावे, ह्याचा विचार ह्या गावात चारशे वर्षांपूर्वी झाला आणि त्याची बांधीव साक्ष आजही जमिनीखाली उभी आहे. शासकीय सेवेतील आमच्या वर्षांत नळयोजनांचे बरेच कागद आमच्या हाताखालून गेले. त्या कागदांतील आकडे आणि ह्या भुयारांतील दगड एकाच गोष्टीविषयी बोलतात असे आम्हांस निवृत्तीनंतरच्या वाचनात दिसून आले. प्रस्तुत लेखात त्या गोष्टीचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम गावाची वाढ पाहू. फारुकी घराण्यातील नासिरखानाने 1400 च्या सुमारास तापीच्या उत्तर काठी हे शहर वसविले आणि खुलताबादचे सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव त्यास दिले. पहिली दोनशे वर्षे शहराची तहान मुख्यतः नदीने आणि विहिरींनी भागविली. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला व खानदेश मोगलांकडे गेला. तेव्हापासून बुऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या स्वाऱ्यांचे ठाणे बनले. सुभेदार, शाहजादे, त्यांचे लष्कर, लष्करामागून येणारे बाजारबुणगे, घोडे, उंट, हत्ती असा सगळा लवाजमा एका हंगामात येई आणि दुसऱ्या हंगामात निघून जाई. इंग्रज वकील सर टॉमस रो नोव्हेंबर 1615 मध्ये येथे आला, तेव्हा शाहजादा परवेझ येथे होता. शाहजाद्याचा वाडा, खानखानाचा वाडा व आणखी थोडी घरे सोडली तर बाकीचे शहर मातीच्या झोपड्यांचे आहे, असे रोने नोंदविले आहे. अशा शहराची लोकसंख्या हा एक स्थिर आकडा नसतो. ती भरती-ओहोटीसारखी असते, आणि पाण्याची योजना भरतीच्या मापाने करावी लागते.

ही योजना ज्याच्या कारकिर्दीत झाली तो अब्दुर्रहीम खानखाना आपणांस दोह्यांचा कवी रहीम म्हणून अधिक परिचित आहे. त्याच्याच काळात, 1607-08 मध्ये, शहरात सार्वजनिक उपयोगाचा हमाम बांधला गेला. पुढे 1618 च्या सुमारास प्रवाशांसाठी अकबरी सराई उभी राहिली. सराई आणि हमाम ही जोडी लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या गावात रोज अनोळखी माणसे उतरतात, तेथे स्नानाची सामायिक सोय ही चैन राहत नाही, ती गावाच्या आरोग्याची गरज होते.

हमाम म्हणजे आजच्या अर्थाने तरणतलाव नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. हमामात एकाच साचलेल्या पाण्यात सर्वांनी उतरावयाचे नसते. थंड व ऊन पाणी नळीने येते, कुंडांत पडते, स्नान करणारा ते अंगावर घेतो आणि वापरलेले पाणी मोरीने बाहेर जाते. वाहते पाणी शुद्ध ही इस्लामी परंपरेतील जाण त्यामागे आहे आणि आपल्या नदीस्नानाच्या कल्पनेशीही ती जुळते. ह्यातून एक परिणाम आपोआप घडतो. हमामाची क्षमता त्याच्या दालनांच्या लांबी-रुंदीने ठरत नाही. दर घटकेला नळीतून किती पाणी येते यावर ती ठरते. दालन कितीही प्रशस्त बांधले आणि नळी बारीक राहिली, तर माणसे ताटकळत बसणार. हा साधा नियम आम्हांस ह्या सर्व विषयाचे मूळ वाटतो.

नळी मोठी हवी तर उगम मोठा हवा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मधे उतरता मैदानी प्रदेश अशी शहराची ठेवण आहे. डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि जमिनीखालून नदीकडे सरकत असतो. हे सरकणारे पाणी वाटेत अडवून, उताराच्या बळावर, कोणतेही यंत्र न लावता शहरात आणावयाचे, अशी ही कल्पना होती. इराणात तिला कनात किंवा करेझ म्हणतात. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने येथील जमिनीची पाहणी केली आणि 1615 मध्ये काम झाले, असे परंपरेने सांगितले जाते. एकूण आठ जलयोजना तयार झाल्या. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी दफ्तरांत त्यांचे वर्णन आहे. दोन योजना वाहत्या ओढ्यांवर होत्या. उरलेल्या सहांत विहिरींची रांग असून त्या विहिरी भुयाराने एकमेकींना जोडलेल्या होत्या.

ह्यांपैकी कुंडी भंडारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. लोक त्यास खूनी भंडाराही म्हणतात. शंभराहून अधिक कुंड्या, सुमारे तीन किलोमीटर लांबीचे भुयार, आणि आत गुडघाभर वाहणारे स्वच्छ पाणी! मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण ही त्याची भावंडे. कुंड्या नुसत्या पाणी शेंदण्यासाठी नाहीत. भुयार खोदताना माती त्यांतूनच वर आली, नंतर हवा व उजेड त्यांतूनच आत गेला, आणि गाळ काढावयास माणूस त्यांतूनच खाली उतरला. भिंतींवर चुन्याची पांढरी पुटे चढतात, ती वेळोवेळी खरवडली नाहीत तर वाट अरुंद होते. म्हणजे दुरुस्तीची सोय बांधकामातच धरलेली होती. भंडाऱ्यांचे पाणी जाली करंज नावाच्या हौदात येई आणि तेथून मातीच्या नळ्यांनी, पुढे दगडी नळ्यांनी, वेगवेगळ्या भागांत जाई.

आता ह्या आठ योजनांचा वाटा कसा होता ते पाहू, कारण नियोजनाचे खरे मर्म तेथे आहे. मूळ भंडाऱ्याचे पाणी राजवाड्याला आणि शहराच्या मध्यभागाला जाई. दुसऱ्या नहरी वेशीबाहेरच्या वस्त्यांसाठी होत्या. बहादुरपुराला स्वतंत्र पाणी होते, राव रतन हाडाच्या महालाला स्वतंत्र होते. शहर एका भिंतीच्या आत दाटत न जाता पुऱ्यापुऱ्यांनी बाहेर पसरत होते. शहराचा तट तर 1731 मध्ये असफजाह निजामाने बांधला, म्हणजे ह्या योजनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. 1681 च्या प्रारंभी हंबीरराव मोहिते यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज येथे आली, तेव्हा बहादुरपुरा व त्यासोबत सतरा पुरे लुटले गेल्याचे मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो. लुटीचा तो वृत्तान्त आपण मराठी माणसे वेगळ्या कारणासाठी वाचतो. पण त्यातून शहराची रचनाही समजते. वेशीबाहेर अठरा पुरे, आणि त्यांतील मोठ्यांना त्यांचे आपले पाणी. पुरा वाढला की जुन्या नहरीला आणखी एक फाटा जोडून सर्वांचेच पाणी पातळ करावयाचे, हा मार्ग त्या काळच्या योजकांनी टाळलेला दिसतो. नव्या वस्तीला त्यांनी नवा उगम शोधला.

हीच रीत पुढे पुण्यात दिसते. नानासाहेब पेशव्यांनी 1750 च्या सुमारास कात्रजहून नळ आणला आणि शहरात हौद बांधले. पुण्याच्या पेठा वाढत गेल्या, तसे नाना फडणीस, रास्ते आदींनी इतर बाजूंनी वेगळे नळ आणले. हौद हा पेठेचा होता, कोण्या एका घराचा नव्हता. दक्षिणेत औरंगाबादेस, तेव्हाच्या खडकीस, मलिक अंबरने अशीच भूमिगत नहर खेळविली. मौजेची गोष्ट अशी की मलिक अंबर आणि खानखाना हे रणांगणावरचे प्रतिस्पर्धी. पण एकाच दशकाच्या आगेमागे दोघेही आपापल्या राजधानीखाली भुयारे खणीत होते. दोघांनाही कळले होते की फौज धान्यावर चालते तसे शहर पाण्यावर चालते.

सामायिक पाण्याची कसोटी मात्र भरपूर पावसाच्या वर्षी लागत नाही. ती 1630 ते 1632 ह्या काळात लागली. गुजरात, खानदेश आणि दख्खन यांवर त्या वर्षी जे दुष्काळाचे संकट आले, तसे फार थोडी आली असतील. त्याच सुमारास शाहजहान दक्षिणेच्या मोहिमेसाठी सर्व परिवारासह बुऱ्हाणपुरात मुक्कामास होता. सुरतेहून आग्र्यास निघालेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी 1630 च्या अखेरीस ह्याच वाटेने गेला. त्याने वाटेवर पाहिलेली प्रेते आणि उजाड गावे वाचताना आजही अंगावर काटा येतो. किल्ल्यात मुमताजमहलसाठी सजविलेला शाही हमाम आपण पाहतो. त्याच्या छतावरील रंगीत नक्षी पाहुणे मान वर करून न्याहाळतात. मुमताजचे निधन 17 जून 1631 रोजी ह्याच गावी झाले आणि पलीकडच्या काठी, जैनाबादेस, तिला प्रथम पुरण्यात आले. बादशहाने शहरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, असे दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो.

ही तीन चित्रे शेजारी शेजारी ठेवली की एक प्रश्न मनात येतो. राजवाड्याचे पाणी आणि शहराच्या मध्यभागाचे पाणी एकाच मूळ भंडाऱ्याचे होते. ज्या उन्हाळ्यात उगम रोडावला असेल, त्या उन्हाळ्यात जाली करंजावर कोणाची तोटी आधी उघडली असेल? ह्याचे उत्तर त्या काळी राजा कोण ह्यावर अवलंबून होते. आज ते नियम कोण करतो ह्यावर अवलंबून आहे. प्रश्न तोच आहे. कोणत्याही सामायिक जलाशयाच्या नियोजनात 'टंचाईच्या वर्षी प्रथम कोण थांबणार' हे कलम लिहिलेले नसेल तर ती योजना अपुरी आहे, असे आमचे मत आहे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. 1760 मध्ये उदगीरच्या विजयानंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले व 1778 मध्ये शिंद्यांकडे गेले. आपल्यापैकी अनेक घराण्यांचे येथील वास्तव्य ह्या कालखंडातील आहे. 1803 मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने शहर घेतले, तहाने ते शिंद्यांस परत मिळाले आणि 1860 च्या सुमारास इंग्रजी अमलात गेले. विणकर, रंगारी, कलाबतूचे कारागीर हे ह्या सर्व राज्यांतून टिकून राहिले. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान व थेट पोलंडपर्यंत जात असल्याचे लिहितो. कापड धुवावयास आणि रंगवावयास पाणी लागते, म्हणजे भंडाऱ्यांवर उद्योगाचाही भार होता. इंग्रजी अमलात नगरपालिका आली, जुन्या नळ्यांच्या जागी काही ठिकाणी लोखंडी नळ आले. पण उगम तेच राहिले.

1901 च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या 33,341 होती. 2011 मध्ये ती 2,10,886 झाली. एकशे दहा वर्षांत सहापटींहून अधिक वाढ! ह्या काळात नवे उगम शोधण्याचे काम विंधनविहिरींनी केले, आणि येथेच जुन्या व नव्या पद्धतींतील भेद उघड होतो. करेझ उताराने वाहतो. डोंगराने जेवढे दिले तेवढेच तो आणतो, त्याहून एक घागर अधिक त्याच्याकडून काढता येत नाही. विंधनविहिरीला असा संकोच नाही. मोटार चालू ठेवली की ती गेल्या वर्षीचे आणि पुढच्या वर्षीचेही पाणी आजच उपसून देते. केळीच्या बागा, यंत्रमाग, वीटभट्ट्या आणि घरोघरची बोअर यांनी मिळून जमिनीखालची पातळी खाली नेली. कुंड्यांच्या आसपासच्या मुरणीच्या जमिनीवर घरे आली, तेव्हा भुयाराला मिळणारे पाणीही घटले आणि त्यात सांडपाणी उतरण्याचा धोकाही आला.

मात्र ह्या जिल्ह्याने पाण्याच्या बाबतीत नुसते गमावलेच, असे म्हणता येणार नाही. 15 ऑगस्ट 2003 रोजी स्वतंत्र झालेला हा जिल्हा जुलै 2022 मध्ये देशातील पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. 254 गावांतील एक लाखाहून अधिक घरांत नळ पोहोचला. 2019 मध्ये ही संख्या सदतीस हजारांच्या घरात होती. 2024 मध्ये खूनी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. हा दुहेरी मान आहे. पण ग्रामीण नळयोजनेत दर माणशी दर दिवशी 55 लिटर पाणी धरलेले आहे, हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो आता लागणार आहे.

तरणतलावाकडे परत येऊ. आपल्या पिढीला पोहणे नदीने आणि विहिरीने शिकविले. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून मुलगा विहिरीत ढकलला जाई. राजघाटावर उन्हाळ्यात तापीचा डोह पुरत असे. तेथे क्षमतेचा प्रश्न उद्भवत नसे, कारण पाणी वाहते होते. बंदिस्त तलावात तो उद्भवतो. सामायिक स्नानाचे तलाव मानवाला नवे नाहीत. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद व 2.4 मीटर खोल आहे, म्हणजे त्यात दोन लाख लिटर पाणी मावे. जवळ विहीर होती आणि पाणी सोडून द्यावयास कमानदार मोरी होती. रोममधील काराकाल्लाची स्नानगृहे इसवी सन 216 मध्ये उघडली, तेव्हा तेथे एका वेळी सुमारे सोळाशे माणसे मावत असे अभ्यासक मानतात. पण त्यासाठी एक जलवाहिनी खास जोडावी लागली होती. येथेही तोच नियम. आधी वाहिनी, मग हौद.

आजचा हिशेब करून पाहू. तलाव 25 मीटर लांब, 12.5 मीटर रुंद आणि सरासरी 1.35 मीटर खोल धरू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 312 चौरस मीटर आणि पाणी सुमारे 4 लाख 22 हजार लिटर. शहरी योजनांत दर माणशी 135 लिटर धरतात. त्या मापाने हे पाणी 3,100 माणसांचे एक दिवसाचे पाणी झाले. पण हा आकडा, जो सभांतून सर्वांत मोठ्याने उच्चारला जातो, तो खरे तर सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. भरणे एकदाच होते.

दुसरा आकडा जागेचा. पोहणाऱ्या प्रत्येकास सुमारे 3 चौरस मीटर पृष्ठभाग असावा असा एक प्रचलित दंडक आहे. म्हणजे एका वेळी सुमारे 100 माणसे. वसाहत तीनशे घरांची, माणसे साडेतेराशे, त्यांतील दहावा हिस्सा रोज पोहावयास आला तर 135. त्यांतील निम्मे संध्याकाळच्या एकाच तासात आले तरी सदुसष्ट-अडुसष्ट. तलाव पुरतो. वसाहत दुप्पट झाली तर त्या एका तासात 135 माणसे येतील आणि तलाव अपुरा पडेल. यावर उपाय आपल्या मोठ्या शहरांतील महापालिकांच्या तलावांनी कधीच शोधलेला आहे. पाऊण तासाच्या बॅचा करावयाच्या, स्त्रियांची बॅच स्वतंत्र, शिकाऊ मुलांची स्वतंत्र. हमामांतही स्त्री-पुरुषांच्या वेळा वेगळ्या ठेवण्याची रीत होती. चार बॅचा केल्या की हाच तलाव दिवसाला चारशे माणसांना जागा देतो. नवा तलाव बांधण्याची गरज राहत नाही.

तिसरा आकडा ताज्या पाण्याचा, आणि तो बहुधा कोणी मांडीत नाही. तलावाचे पाणी गाळणयंत्रातून सतत फिरवावे लागते. सार्वजनिक वापराच्या तलावात सर्व पाणी साधारण चार तासांत एकदा फिरावे असे धरले, तर आपल्या ह्या तलावास ताशी एक लाखाहून अधिक लिटर गाळणारे यंत्र हवे. वाळूच्या थरातून गेल्याने गढूळपणा जातो, क्लोरिनने जंतू मरतात. पण घाम व मूत्र यांतून आलेले विरघळलेले द्रव्य पाण्यात साठत राहते. त्यावर एकच उपाय, काही पाणी काढून टाकून नवे घालणे. इंग्लंडातील तज्ज्ञ संस्था दर स्नान करणाऱ्यामागे 30 लिटर नवे पाणी सुचवितात. 135 माणसांना रोज सुमारे 4,000 लिटर, चारशे माणसांना 12,000 लिटर. त्यात निमाडचा उन्हाळा मिळवा. दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी 2,500 लिटर हवेत जातात, मग तलावात कोणी उतरो वा न उतरो.

वाढत्या वसाहतीचा पेच येथे स्पष्ट दिसतो. जागा घड्याळाने वाटता येते. पाणी घड्याळाने वाटले म्हणून वाढत नाही. बॅचा वाढवून तुम्ही माणसे चौपट केलीत की ताज्या पाण्याची गरजही चौपट झाली. चारशे माणसांच्या पोहण्याचे आणि उन्हाच्या वाट्याचे मिळून रोजचे साडेचौदा हजार लिटर म्हणजे ग्रामीण मापाने सुमारे 260 माणसांचे दिवसाचे पाणी. हा आकडा भीती घालण्यासाठी येथे मांडलेला नाही. साडेतेराशे माणसांच्या वसाहतीला 135 लिटरच्या मापाने रोज 1 लाख 82 हजार लिटर लागतातच. त्यात तलावाचा वाटा फार मोठा नाही, आणि मुलांना पोहावयास येणे ही आम्ही चैन मानीत नाही. ज्या गावात दर पावसाळ्यात नदी चढते, तेथे ते जीव वाचविणारे शिक्षण आहे. आमचे म्हणणे इतकेच की हे पाणी कोठून येणार ते आधी लिहून ठेवावे. जमिनीखालून येणार असेल, तर शेजारच्या पुऱ्यातील विहिरीच्या वाट्याचे ते आहे काय, हे पाहिले पाहिजे.

जुन्या योजकांचे धडे आजच्या भाषेत मांडावयाचे झाल्यास ते थोडके आहेत. हौदाच्या आधी नळीचे माप ठरवावे. तलावाची लांबी-रुंदी ठरविण्यापूर्वी उन्हाळ्याच्या अखेरीस रोज किती ताजे पाणी मिळू शकेल ते मोजावे, त्यास 30 ने भागावे आणि तेवढ्याच माणसांना नोंदणी द्यावी. वसाहतीचा नवा टप्पा उभा करताना जुन्याच उगमावर भार न टाकता नव्या टप्प्याचे पाणी नव्या टप्प्याने आणावे. छपरांवरचा पाऊस जमिनीत मुरविणे हा त्याचा आजचा मार्ग आहे. बुऱ्हाणपुरात वर्षाला पडणारा पाऊस बहुतेक चार महिन्यांत पडतो, तो ज्या जमिनीत मुरावयाचा ती फरशीखाली झाकू नये. गाळ काढावयाची कुंडी पहिल्या दिवसापासून ठेवावी, म्हणजे देखभालीचा खर्च वर्गणीत आधीच धरावा. आणि टंचाईच्या वर्षी तलाव प्रथम बंद होईल, पिण्याचे पाणी शेवटपर्यंत चालेल, असा ठराव भरपूर पावसाच्या वर्षीच करून ठेवावा. तहानेच्या वेळी केलेले नियम न्यायाचे नसतात.

मंडळाच्या वाचकांत शहराच्या वसाहतींच्या कार्यकारिणीवर असलेले बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. नव्या वसाहतीच्या नकाशावर सही करण्यापूर्वी त्याच नकाशावर कुंडी भंडाऱ्याची व इतर भंडाऱ्यांची रेषा आखून घ्यावी. ज्या जागी खोदाई होणार ती जागा त्या रेषेच्या वर, म्हणजे डोंगराच्या बाजूस आहे की खाली, एवढे पाहावे. वरच्या बाजूचे प्रत्येक बोअर भुयारात येणारे पाणी आधीच उचलून घेते आणि प्रत्येक शोषखड्डा त्यात मैला मिसळू शकतो. हे तपासावयास अभियंता लागत नाही, एक नकाशा आणि अर्धा दिवस पुरतो.

खानखानाच्या माणसांनी जमीन चाचपून पाणी कोणत्या बाजूने सरकते ते आधी पाहिले, भुयार नंतर खणले, आणि हमाम त्या पाण्याच्या भरवशावर चालविले. म्हणून चारशे वर्षांनंतरही, राज्ये पाच-सहा वेळा बदलूनही, कुंड्यांच्या तळाशी पाणी वाहते आहे. आपल्या वसाहतींतील निळ्या आयतांपैकी किती चाळीस वर्षे भरलेले राहतील, हे आज आपण कोणता आकडा आधी विचारतो ह्यावर ठरेल.